कोपऱ्यात दुप्पट

मागच्या मे महिन्यात पारडीतल्या
दुर्पताबाई उके यांचं छप्पर
दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी
घर सोडून गेलं.
दोन टिना भांडेवाडीच्या बाभळीत सापडल्या,
एक रेल्वेच्या कुंपणाला गुंडाळलेली,
चौथीचा पत्ता नाही अजून.
वर ठेवलेले धोंडे, ट्रकचा टायर, फुटकं जातं
तेवढे मात्र घरातच राहिले,
खाटेवर.

वाऱ्याला वजन कळत नाही, बाई,
असं मी सांगितलं तिला.
मी म्हणजे गोपीचंद वल्द नत्थू डोंगरवार,
बारावी नापास, फॅब्रिकेटर.
वारा छपराला दाबत नाही.
वरून सरकत जातो, आणि जाता जाता उचलतो,
तव्यावरची पोळी उचलावी तशी,
आधी कड.

म्हणून कडेला, कोपऱ्याला हूक दुप्पट.
मधे एखादी नाळी सोडली तर चालतं,
कोपऱ्यात एकही नाही.
"काहून खर्च वाढवून राह्यले, भाऊ?"
मी वायसर मोजत राहतो.

तिला पुढे तीन फूट सज्जा हवा होता,
कूलर उन्हात तापतो म्हणून.
मी दीड फुटावर कापला.
दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी ताक आणून ठेवलं,
न बोलताच.

घर बांधताना सगळे विचारतात
पडणार तर नाही ना?
उडणार तर नाही ना, असं
तीस वर्षांत कोणी विचारलं नाही.
पडण्याची भीती खांब सांभाळतो.
उडण्याची भीती खालपर्यंत न्यावी लागते:
टीन पाइपाला, पाइप कैचीला,
कैची भिंतीतल्या सळईला,
सळई पायव्यात, मुरमात,
जिथे वारा कधीच गेला नाही.
आणि वादळात दार लावून घ्यायचं, बाई.
आत शिरला की तो खालूनही ढकलतो.

काल कळमन्याकडून पिवळी धूळ उठली.
लाइन गेली.
सात वाजता तिचा फोन,
"भाऊ, आवाज लय झाला. सगळं घर कण्हत होतं.
पण जागचं हललं नाही."
पुढचं ऐकू आलं नाही.
फोन खांद्यात दाबून
मी स्टुलावर उभा होतो, माझ्याच घरात,
जिथल्या छपरावर अजून
सहा धोंडे आहेत आणि स्कूटरचे दोन टायर,
कारण लोकांची कामं आधी.
दोन्ही हातांनी पाइप धरून
लोंबकळत होतो,
बहात्तर किलो,
आणि बायको खालून विचारत होती,
अहो, दार लावलं का?