सातवं ठिगळ

रात्री साडेअकराला उगमाकडून नवी आवृत्ती आली.
चार पूर्णांक दोन.

माझ्याकडे दोन फांद्या.
एक त्यांची, जशी येते तशी,
तिच्यातला स्वल्पविरामही मी हलवत नाही.
दुसरी आपली, बांधणीची:
कुठली फाइल कुठे बसेल, कोण कोणावर अवलंबून,
आणि वर सात ठिगळं, क्रमाने.

त्यांची फांदी आपल्या फांदीत ओतायची,
मग एकेक ठिगळ पुन्हा टाचून बघायचं.
पहिली तीन बसतात.
चौथ्याला त्याची जागाच सापडत नाही.
पाचवं कशासाठी होतं, मलाच आठवत नाही.
वर मीच लिहिलंय: "तात्पुरतं. के. मढवी."
सहा वर्षं झाली.

सातवं लाडकं.
अकरा ओळी फक्त.
त्या नसल्या की पडद्यावर
आचाऱ्याचा आचार्य होतो,
दऱ्याखोऱ्यांत दर्या शिरतो.
पहिल्यांदा कळलं ते चुलतभावाच्या लग्नाच्या हिशेबात,
छापून आलं होतं:
आचार्यांना नऊ हजार, कढया वेगळ्या.

उगमावर एक तुओमास असतो, औलू गावचा.
त्याला चार वेळा समजावलं.
माणूस सभ्य.
"मला दोन्ही चित्रं सारखीच दिसतात," म्हणाला.
मोठी करून पाठवली, लाल गोल काढून.
मग दीड वर्ष काही नाही.
गोठलं असेल तिकडचं सगळं.
आणि इकडे मी, दर आवृत्तीला,
त्याच अकरा ओळी खालीवर सरकवत.

खिडकीखाली ऐरोलीची खाडी, चिखलाचा वास.
बाबांनी एकदा विचारलं होतं,
"तुजा उगम म्हंजे कुठं गो?"
म्हटलं, जिथून पाणी येतं ते.
होडीला डांबर लावता लावता हसले.
"आपले इथं दोन्हीकरशी येतं.
भरती लागली का वर चरतं पानी."

सहावं बसलं.
सातवं लावायला गेले,
तर यंत्र म्हणालं: हे आधीच लावलेलं दिसतंय.
उलटं काढायचं आहे का?

मी पुन्हा लावलं.
तेच उत्तर.

उघडून पाहिलं. त्यांची फांदी, ओळ नऊशे बारा.
माझ्या अकरा ओळी,
एक मोकळी जागा जास्त, त्याच्या सवयीची.
वर एक टीप, देवनागरीत,
शाळेत पहिल्यांदा फळ्यावरून उतरवावी तशी:
आचाऱ्याला. आचार्याला.
दोन वेगळी माणसं.

यादीतून सातवं काढलं.
नोंदवहीत लिहिलं: "ठिगळ सात रद्द. उगमात गेलं."
काढायला एक सेकंद लागला.
मग उगाचच ती फाइल उघडायला गेले,
तर ती नव्हती.

बाहेर बाबांची बॅटरी हलते आहे,
दोर सैल करताहेत,
म्हणजे पाणी चढलं.

आता ते चौथं.