एका कान्याचा फरक

ढोल पोरींच्या कमरेला झेपत नाही,
असं भदाणे सर तेव्हा म्हणाले,
म्हणून आम्हाला निशाणं मिळाली.
म्हणजे, कापडं मिळाली.
काठ्या आमच्या आम्हीच आणल्या
अरुणावतीपलीकडच्या केळीबागेतून,
घडांना टेकू देऊन वाकलेले बांबू.
गाठी घासता घासता तळहात सोलले.

बारा जणी होतो.
शिरपूर-चोपडा रस्त्यावरच्या बंद जिनिंगमध्ये सराव,
ऊन उतरलं की.
भिंतींच्या भेगांतून जुना कापूस उडायचा,
घामावर बसायचा.
आई म्हणायची, एका दिवसात पिकलीस की गं.

एकदा सराव चालू असतानाच
मोहिनीची सलवार डागली.
फाटकाबाहेर टपरी, टपरीवर नेहमीचे सात-आठ.
कुणी शिट्टी वाजवली नाही, कुणी एक-दोन मोजलं नाही.
अकरा निशाणं तिच्याभोवती उभी राहिली,
पिवळं, जांभळं, पिवळं, जांभळं,
आणि आत तिने सावकाश कपडे बदलले.
ह्या रचनेला स्पर्धेत गुण नाहीत.
पंधरा वर्षांत आमची
याहून चांगली रचना झाली नाही.

आता मी शिकवते.
यंदा दिवाळीनंतर वसतिगृहातला सायसिंग पावरा आला,
नववीतला, चप्पल हातात धरून.
ढोलात जागा होती. त्याला ढोल नको होता.
म्हटलं, फेकून दाखव.
बांबू पत्र्याच्या वर गेला,
तीनदा फिरला,
आणि त्याने तो पाठीमागे झेलला, मान न वळवता.

पोरी गप्प.
मग हर्षाली म्हणाली,
उंच फेकतो, बरं.
पण ताई, भिंत करायची वेळ आली
तर हा कुठे उभा राहील?

मला उत्तर आलं नाही.
सरांना आलं: मिश्र पथक म्हणजे रांग मोडली,
एक खांदा वर, एक खाली,
एकसारखेपणाचे गुण गेलेच समजा.
उखा टेलर मापाची पट्टी गळ्यात टाकून विचारत होता,
गुंड्या कोनती बाजूले लावू, ताई?
मी म्हटलं, नाडी लावा. सगळ्यांनाच.

आमच्या बोलीत मुलगी आंडेर, मुलगा आंडोर.
रात्री हजेरीच्या वहीमागे
दोन्ही शब्द लिहून बघत बसले.
मात्रा दोघांच्याही डोक्यावर आहे,
वाऱ्यावर तिरकी, निशाणासारखी.
फरक फक्त काठीचा.
एकाला उभा काना आयता मिळाला,
दुसरीने तो केळीबागेतून वाहून आणला.

धुळ्यात चौथे आलो.
सायसिंगचं निशाण एकदा सुटलं,
हर्षालीचं दोनदा.
परीक्षकांच्या कागदावर फक्त त्याचं लिहिलेलं होतं.
परतीच्या टेम्पोत ती त्याला विचारत होती,
वारा आडवा आला की मनगट कुठे ठेवतोस?
तो दाखवत होता, अंधारात, काठी नसताना.

परवा पुन्हा भिंत करावी लागली.
वळून पाहिलं तर सायसिंग नव्हता.
कुणी न सांगता
तो पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसला होता, पाठ करून,
मातीत काडीने काहीतरी गिरवत.
ते मला भावलं की लागलं,
अजून ठरत नाही.

आणि एक राहिलंच.
त्याच्यासाठी आम्ही निशाणाचं दार उघडलं,
ढोलाचं दार मात्र तसंच आहे.
काल हर्षालीने कोपऱ्यातला मोठा ढोल
कमरेला बांधला, टिपरू उचललं,
सरांकडे बघितलं.

सर घड्याळ बघत होते.
तिने वाजवला.
जिनिंगच्या छतातून
किती वर्षांचा कापूस खाली आला.