पाचवीची रात्र

बॅजवर मँडी आहे. मंदाकिनी म्हणायला
इथल्या जिभांना दम लागतो,
आणि या वॉर्डात दम जपून वापरायचा असतो.

खाट नंबर चार. बेबी थर्स्क, मुलगी.
पंचविसावा आठवडा सरला न सरला तोच आली.
सहाशे ऐंशी ग्रॅम.
मिरजेच्या मंडईत एवढं भरलं
तर माळीण वर एक वांगं टाकून
पाऊण किलो पुरं करून देते.

दुधाआधी हिला कॉफी मिळते.
खरंच. कॅफीनचा थेंब, रोज,
कारण ती मध्येच श्वास घ्यायचा विसरते.
विसरली की मॉनिटर ओरडतो. मी ओरडत नाही.
दोन बोटं तिच्या तळपायाला लावते,
अगं ए, म्हणते, कुठे निघालीस?
आकडा चढतो. अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, एक्क्याण्णव.
इंग्लिशमध्ये म्हणून पाहिलंय, तरीही चढतो.
पण अगं ए म्हटल्यावर जरा लवकर चढतो असं मला वाटतं
आणि हे मी कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.

आई, लेआन, खालच्या मजल्यावर. टाके ओले आहेत.
रात्रभर छातीशी धरलेला फडक्याचा चौकोन
ती रोज वर पाठवते.
तो मी बाळाच्या गालाखाली सरकवते,
कालचा खाली धाडते.
अजून धड भेट नाही दोघींची,
वासावरून ओळख वाढते आहे, टपालाने.

बाप क्रेग. हलच्या धक्क्यावर, नदीकाठच्या कारखान्यात
पवनचक्कीची पाती बनवतो,
एकेक पातं ऐंशी मीटर.
पाच दिवस हात खिशात घालून उभा आहे.
मी सांगितलं तसे धुतले, कोपरापर्यंत,
आणि परत खिशात घातले.
परत धुवायला पाठवलं.

शेजारची तीन नंबर परवापासून रिकामी.
तिच्याबद्दल तो विचारत नाही, मी सांगत नाही.
पुसलेली काच दिव्यात फार स्वच्छ दिसते.

पहाटे तीन. मी तासाचं लिहीत होते.
सारखं काय लिहितेस, तो म्हणाला,
आणि माझ्या लक्षात आलं, आज पाचवी.
मग सांगितलं : आमच्याकडे आज एक बाई येते, सटवाई.
पाटावर कोरा कागद ठेवतात, लेखणी ठेवतात.
घर झोपलं की बाळाच्या कपाळावर लिहून जाते
पुढचं सगळं. कुणाला ते वाचता येत नाही.
आणि तू, तो म्हणाला.
मी चार्ट त्याच्याकडे वळवला.
तीन वाजून दहा, उचकी.
लघवी चार मिली. दूध अर्धा मिली, पचलं.
पुढचं आपल्याला येत नाही, म्हटलं.
मी झालेलं लिहिते.

बराच वेळ गप्प होता.
मग खाटेला अडकवलेली वही काढली,
आईबापांसाठीची, पाच दिवस कोरीच,
आणि शाळेतल्यासारख्या मोठ्या अक्षरांत लिहिलं :
वारा पश्चिमेचा. ताशी बावीस मैल.
पाती फिरतायत.

नंतर हात, तिसऱ्यांदा धुतलेला,
पेटीच्या गोल खिडकीतून आत घातला
आणि तिच्या डोक्यावर ठेवला, टोपीसारखा.
चोळू नकोस, म्हटलं, थोपटू नकोस,
नुसता असू दे.
कपाळ सगळं झाकलं गेलं.
चार्टवर : वडिलांचा हात, चाळीस मिनिटं. आकडा स्थिर.
त्याच्या पाठीचं काय झालं असेल ते लिहायला रकाना नाही.

सातला हँडओव्हर. जोआनाला सगळं सांगितलं,
ग्रॅममध्ये, मिलीमध्ये, टक्क्यांत.
वारा सांगायचा राहिला.
बसथांब्यावर आले तर होताच तो,
हंबरच्या चिखलाचा वास घेऊन,
माझा स्कार्फ ओढत.
बस आली. चढले.
दार लागेपर्यंत
तो आत येत राहिला.