वकिलातीचं मोजमाप

वहीत पहिली ओळ:
पशुवैद्यकीय दवाखाना, श्रेणी दोन, मौजा धामणखेड.
इमारत जुनी. वापर चालू.
धोकादायक असल्यास तसे नमूद करावे.
मी टेप सोडला. दुसरं टोक धरलं
ड्रेसर निरंजन कठाण्यांनी, हात धुऊन,
आत्ताच एका म्हशीची वार काढून आले होते.

भिंत सव्वादोन फूट. व्हरांडा बावन्न बाय अकरा.
बिडाचे खांब चौदा,
प्रत्येकावर वेल चढलेली, वेलीला बोंडं,
बोंडं उकललेली, चार-चार पाकळ्यांत,
आणि तळाशी, शेणात अर्धं बुडालेलं,
कुठल्याशा ओतशाळेचं नाव.
शिंगांच्या उंचीवर
बोंडं घासून घासून काळी चकचकीत.

गाव अजून वकिलातच म्हणतं.
कुठल्या देशाची? कुणी बेल्जम सांगतं, कुणी डच.
रुई घ्यायला आलेला साहेब
कागदावर कौन्सल झाला, झेंडा लागला.
लोक धुऱ्याचे तंटे घेऊन यायचे:
वकिलात आहे, म्हणजे आत वकील असणार.
साहेब ऐकून घ्यायचा म्हणे.
एकदा तर, भाषा न कळता, निकालही दिला
आणि तो धुरा आजही तिथेच आहे.

तेवीस वर्षांत शिक्का उमटला एकाच परवान्यावर.
दौलत कठाणे,
धाग्याची लांबी चिमटीत ओळखणारा.
बोटीने गेला, तिकडच्या पोरांना चिमूट शिकवली,
घड्याळ घेऊन परतला.
साडेचार तास मागे चालायचं ते.
"पणज्यानं कदी जुळवलं नाई," कठाणे सांगतात,
"म्हने, तिकडं कोनाची तरी सांज अजून व्हायचीच असंन."

छत बर्मा सागाचं, एक तुळई वाळवीने पोखरलेली.
दारावर अर्धगोल झरोका: सहा काचा, दोन पत्र्याच्या.
लाल काचेतलं ऊन बकरीच्या पाठीवर पडलं,
बकरीवाली रक्त समजून दचकली, मग हसली.
ह्याला वहीत रकाना नाही.

पायऱ्यांशी दोन सिंह, चुन्याचे. त्या राज्याची निशाणी.
उकंडा बेलदाराने घडवले, चित्र बघून,
आणि अंगभर पट्टे ओढले.
"सिंव पायला कोनं व्हता? वाघ पायला व्हता."
साहेब चिडला. पांढरं करा म्हणाला.
मग दर पोळ्याला पांढरं,
साहेब गेला तरी पांढरं,
जिल्हा परिषद आली, तिचंही पांढरं,
थरावर थर,
नाकपुड्याही बुजल्या.

डॉक्टर सांगतात, इथल्या चाऱ्यात काही कमी पडतं,
म्हणून गाई चुना चाटतात.
नंबर लागेपर्यंत उभ्या असतात पायरीशी, चाटत.
डाव्या सिंहाच्या कुशीत,
लाळेने ओला,
एक काळा पट्टा वर आलाय.
त्याच्या मागे दुसऱ्याची कड.

मी टेप लावला. नऊ इंच.
लिहिला नाही.
मग लिहिला.
"बाजूले व्हा मॅडम," कठाणे म्हणाले,
"तिचा नंबर हाय."
माझ्या खांद्यावरून
एक कबरी गाय मान पुढे घालत होती.