डेर, डी, डास

चिठ्ठ्या मी गोळ्यांच्या खोक्यांतून कापते.
कोऱ्या बाजूला जर्मन,
छापील बाजूला: लहान मुलांपासून दूर ठेवा.

भंवरकुव्याला, कोचिंगच्या तिसऱ्या मजल्यावर
लोवंशी सर बजावतात,
शब्द एकटा पाठ करायचा नाही,
लिंगासकट करायचा.
आम्ही अकरा नर्सा आणि एक मुलगा, तोही नर्स,
एका सुरात: डेर टिश, डी ट्यूर, डास फेन्स्टर.
खाली पोह्यांवर जिरावन पडून राहिलेलं असतं,
त्याचा वास कुठल्या लिंगाचा, ते सर सांगत नाहीत.

रात्रपाळी. चौदा नंबर. दिघेबाई.
रामबागेकडच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं व्याकरण,
मग वर्ग राहिले, मुलं उरली नाहीत.
आता मांडीचं हाड मोडलेलं, झोप नाही.
"आण इकडे ते पत्ते."
हात लांब करून वाचतात:
"डास वासर. डासाचं वासरू की काय?"
पाणी हो, बाई.
"डास हाउस?"
घर.
"डास झाल्त्स?"
मीठ.
"म्हणजे हा डास आपलं नपुंसकलिंग.
बरं, तुमच्याकडे पाणी कधी येतं?"
साडेसहाला येतो.
"येतो?"

मी गप्प.
आमच्या सुदामानगरात ते कधी नाहीसं झालं
कुणी नोंद केली नाही.
पाणी आला, मीठ जास्त पडला,
दूध उतू गेला,
माझा लग्न ठरला होता, मोडला.
हिंदीत दोघांतच भागतं सगळं;
तिसऱ्याची अडचण कुणाला झाली नाही.

त्या रात्री आम्ही जुळवत बसलो:
तेल, रक्त, सोनं, झाडाचं पान,
इकडेही ते, तिकडेही ते.
सूर्य मात्र तिकडे बाई,
आणि चमचा, काटा, सुरी
एकाच ताटात तीन लिंगं.
"मुलगी?"
डास मेडशन. तीही ते.
मला वाटलं, आता चिडतील.
बाई म्हणाल्या, "असू दे.
गुणाचं पोर म्हणतोच की आपण."

मग वाक्प्रचारांची वही.
वैतागलं की त्यांचं नाक भरतं.
"आपल्या नाकी नऊ येतात.
नऊ काय, ते मलाही माहीत नाही.
एकतीस वर्षांत एकानं विचारलं नाही."
काही कळलं नाही, तर म्हणायचं:
मला फक्त स्टेशन समजलं.
"उतरल्यावर तुला आधी तेच समजायला हवं."
यश चिंतायचं, तर: मान मोडो, पाय मोडो.
बाईंनी प्लास्टरकडे पाहिलं.
"मी अर्धी उत्तीर्ण."
इतक्या हसल्या की पंधरा नंबर जागी झाली
आणि मला शिव्या खाव्या लागल्या.

परीक्षेच्या आदल्या रात्री
शेवटची चिठ्ठी: अंगठा दाबणे.
मुठीत धरायचा, दुसऱ्यासाठी, घट्ट.
मी रोज अंगठे दाबते,
निळ्या पॅडवर, मग संमतीपत्रावर,
शाई पुसायला स्पिरिटचा बोळा देते.
असा कधी कुणी दाबला नव्हता.

पहाटे चारला राउंडला आले
तर चौदाचं सलाईन अडलेलं.
बाई जाग्याच होत्या, मूठ वळून.
म्हटलं, सोडा ती, सुईचा हात आहे.
"तुझी परीक्षा कितीला?"
दहाला.
"मग दुसऱ्या हातात टोच."
नाही टोचली. एकेक बोट उघडलं,
त्या माझ्याकडे न बघता पुटपुटत होत्या,
डेर, डी, डास,
शाळेत पाढे म्हणतात तशा.

साडेसहाला घरी पोचले.
चप्पल काढतेय तोच आई आतून ओरडली,
"पाणी आला गं!"
तोंडाशी आलेलं गिळलं
आणि बादली लावली.