दोर

शेलेफ्टिओ, उणे एकोणीस.
सिक्स्टनचा हात टाकीत कोपरापर्यंत,
जुनी व्होल्वो, टर्बो मात्र तिच्याहून तरुण.
मागच्या हिवाळ्यात तिसरा पिस्टन वितळला,
तो खिडकीत आहे अजून, पेन्सिली ठेवायला.

नवा पंप बसवला, दुप्पट ताकदीचा.
तरी गोठलेल्या तळ्याकाठी, पाच हजार फेऱ्यांना,
काटा पुन्हा घसरला.
हवा ढीगभर, पेट्रोल घोटभर.
त्याने पाय काढला. या खेपेला वेळेवर.

मग गुनवोरमावशी आली, खाणीतली निवृत्त वायरमन.
मीटर लावला:
बॅटरीपाशी साडेतेरा, पंपापाशी जेमतेम दहा.
कारखान्यातून आलेली ती मूळची तार
तिने चिमटीत धरली, शेवयीसारखी.

आड भरलेला होता,
पोहरा कोरा करकरीत.
दोर तेवढा कुणी पाहिला नव्हता.

आता जाड तार, रिले, नवा फ्यूज.
किल्ली फिरवली की मागच्या सीटखाली
दोन सेकंद गुणगुण, मग गप्प.
मावशी पिस्टनमधली पेन्सिल घेते,
भिंतीवर लिहिते: तेरा पूर्णांक दोन.
हात पुसत विचारते,
"जुना पंप फेकलास का रे?"