मागून रेक्झिन

चार महिने ताडपत्रीखाली होती.
वालावलकरांच्या निरंजनने काल आणून लावली
दाभोली नाक्यावर, माझ्या शेडसमोर,
आणि काच खाली केली मात्र,
ओली कात, शिळा कापूर, कधीतरी सांडलेली सोलकढी,
सगळं एकदम अंगावर आलं.
म्हणाला, अस्सल लेदर आहे हं, जपून.
आईने मे महिन्यात खोबरेल चोळलं होतं,
चकाकी यावी म्हणून.

खोबरेल.
बुरशीला आणखी काय हवं असतं?
पुढच्या दोन्ही सीटवर पांढरट हिरवी नक्षी,
रात्रभर कुणी पिठाने काहीतरी लिहीत बसलेलं
आणि उजाडताना अर्धवट टाकून गेलेलं.

मी आधी चारी दारं उघडते.
वारा हवा, ऊन नको.
थेट उन्हात चामडं तडकतं,
हे म्हापशाच्या कोर्सात शिकवलं,
त्याच्या कितीतरी आधी बाबांनी, पाठीत एक चापट घालून.
तोंडाला फडकं बांधून
कोरड्या ब्रशने बुरशी झाडायची, बाहेरच्या बाजूला.
मग शिवणीतून निघतं ते काढायचं:
सागरेश्वरची वाळू, काजूचं साल,
एक टिकली, बांबोळीच्या हॉस्पिटलची घडी केलेली चिठ्ठी.
चिठ्ठी मी उघडत नाही. डॅशबोर्डवर ठेवते, वर टिकली.

मग फेस. पाणी नव्हे, फेस.
मऊ ब्रश, गोल गोल, तळहाताएवढीच जागा एका वेळी,
लगेच पुसायचं.
फडकं आधी पिवळं येतं, मग चहासारखं,
मग नुसतं ओलं.

बाबा स्टुलावर.
त्यांना आता सुई ओवता येत नाही, नाक मात्र शाबूत.
ते उंडीचं तेल वापरायचे, कडू जहर,
बुरशी त्या वाटेला फिरकायची नाही.
माझ्या बाटल्यांकडे ते
मुंबईहून आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे बघतात.

उठले. पुढच्या सीटवर वाकले, हुंगलं,
नखाने कड दाबून पाहिली.
मागे गेले. हुंगलं.
परत हुंगलं.
"चेडवा, फुडल्यान गाय हा. मागल्यान रेक्झिन."

बघते तर खरंच.
मागे बुरशीचा ठिपका नाही,
खोबरेल तेवढं चिकट होऊन पडलेलं,
आत जायला वाटच नसल्यासारखं.

निरंजनला सांगू?
"नको," बाबा म्हणाले,
आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.
मग: "त्येच्या आज्याच्या वहाणांक
म्हशीचो तळ सांगललंय. लायलंय टायर."
अहो बाबा!
"भात दिल्यान दोन पायली. पोचा.
खळ्याच्या भायर उभो करून."
तो तळ म्हणे वीस वर्षं चालला,
देवळापर्यंत, सावंतवाडीच्या कोर्टापर्यंत,
एकदा झिजला नाही.
म्हातारा लोकांना दाखवायचा, बघा चामडं कसं असतं.

मी हसत हसत बोटावर वाटाण्याएवढं क्रीम घेते.
ते पुढच्या सीटला लावते, थोडं थोडं, पातळ.
चालकाच्या बाजूला मांडीखाली जी घडी पडलीय
ती जाणार नाही. तिथे बोट जरा जास्त वेळ फिरवते.
मागच्या सीटला क्रीम नको, नुसतं पुसलं तरी पुरे.
तरी लावते जरासं.
बिलात धरत नाही.

संध्याकाळी निरंजन आला. आत नाक घातलं, खूश.
पैसे दिले, न घासाघीस करता.
चिठ्ठी खिशात टाकली, टिकली बघितली,
तीही खिशात टाकली.
बाबा उघड्या दाराशी उभे होते, एक हात छतावर.
"काका, आत बसू नका हं," तो म्हणाला, चांगल्या आवाजात,
"ओलं असेल अजून."

"बसणंय नाय," बाबा म्हणाले.
वाकले. गुडघ्याचा आवाज आला.
पुढच्या टायरवर बोटाची पेरं आपटली दोनदा,
कान लावून ऐकलं
आणि माझ्याकडे बघून म्हणाले,
"ह्यो अस्सल हा."